नखे कापा, पण जिवंत गाभा ओळखून

आपले नख कापताना दुखत नाही. पण तेच जरा खोल कापले गेले, तर डोळ्यांत पाणी येते. असे का होते, ते आपण शाळेत शिकतो. घरच्या कुत्र्याची नखे कापताना मात्र त्याचा विसर पडतो. एकजण पाय धरतो, दुसरा मान दाबतो, तिसरा घाईने नख कापतो. कुत्रे केकाटते, रक्त येते आणि 'हे कुत्रे फार त्रास देते' असा ठपका त्याच्यावरच बसतो. माझ्या मते हा दोष कुत्र्याचा नव्हे. शिकलेले ज्ञान घरात न वापरणाऱ्या माणसांचा आहे.

नखाचे कवच केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. केस, शिंगे व खूर यांतही तेच असते. कवचात मज्जातंतू नसतात, म्हणून ते कापल्याने वेदना होत नाही. परंतु कुत्र्या-मांजरांच्या नखात कवचाच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. तो कोठे संपतो हे ओळखणे, यातच सारे कौशल्य आहे. पांढऱ्या नखात तो उजेडात गुलाबी दिसतो. त्याच्या टोकापुढे सुमारे २ मिलिमीटर नख शिल्लक ठेवावे. काळ्या नखातून गाभा दिसत नाही. तेथे पातळ चकत्या काढाव्यात व दर वेळी कापलेली बाजू पाहावी. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागताच थांबावे. आपले नखकटर चपट्या नखांसाठी असते. कुत्र्याचे गोल, जाड नख त्याने चिरडते. त्यासाठी प्राण्यांचे वेगळे कटर मिळते, तेच वापरावे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची नखे कोण कापतो, असे कोणी विचारील. खडबडीत जमिनीवर ती झिजतात. घरातल्या गुळगुळीत फरशीवर झिजत नाहीत. लांब नखांमुळे बोटांवर ताण पडतो व चाल बिघडते. पुढच्या पायाच्या आतील बाजूचे अंगठ्याचे नख तर जमिनीला टेकतच नाही. वाढत वाढत ते वळून मांसात रुतू शकते. नखाबरोबर आतला गाभाही लांबतो. म्हणून सहा महिन्यांनी एकदा खोल कापण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडेसे कापावे. त्याने गाभाही हळूहळू मागे सरतो. एका बैठकीत एकाच पायाची नखे झाली तरी पुरे. प्राणी बिथरला तर सोडून द्यावे.

रक्त आलेच, तर स्वच्छ कापड काही मिनिटे दाबून धरावे किंवा कॉर्नफ्लोअर लावावे. न थांबल्यास पशुवैद्याकडे जावे. हे काम मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. ओरखडा उठला किंवा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

मांजर सोफा ओरबाडते म्हणून त्याची नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही देशांत केली जाते. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडाला जोडलेले असते. म्हणजे ही नखे काढणे नसून प्रत्येक बोटाचे पेर तोडणे होय. पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७ च्या युरोपीय कराराने ती निषिद्ध ठरवली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये बंदी घातली. मांजराला ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला खांब द्यावा आणि बोट हलके दाबून बाहेर आलेल्या नखाचे फक्त टोक कापावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. त्वचा आणि केस शिकवताना फळ्यावर माणसाच्या नखाशेजारी कुत्र्याचे व मांजराचे नखही काढावे आणि आतला गाभा लाल खडूने रंगवावा. पाच मिनिटांच्या त्या आकृतीने घरोघरीच्या कितीतरी मुक्या जनावरांच्या वेदना टळतील.