तीर्थांतील दूध

गेल्या पौर्णिमेस आमच्या सिल्लोडच्या घरीं सत्यनारायण झाला. पंचामृतांत आम्हीं नेहमींप्रमाणें गवळ्याचें न तापविलेलें दूध घातलें. पूजा आटोपल्यावर तीर्थ वांटूं लागलों, तों धाकट्या सूनबाईनें हात पुढें केला नाहीं. तिला सहावा महिना चालू आहे. "मामंजी, डॉक्टरीणबाईंनीं कच्चें दूध वर्ज्य सांगितलें आहे," असें ती हळूच म्हणाली. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेल्या आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे.

रात्रीं आम्हीं भावप्रकाश उघडला. तेथें गाईचें धारोष्ण दूध प्रशस्त म्हटलें आहे खरें. पण शेळीचें मात्र उकळून गार केलेलेंच घ्यावें, असें सांगितलें आहे. म्हणजे जें तें दूध पाहून विवेक करावा, हें ग्रंथकारासही मान्य होतें. त्या काळीं जंतु दिसत नव्हते, आज दिसतात.

माल्टा बेटावर इंग्रज शिपायांस दीर्घ ज्वर येई. डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ मध्यें त्याचा जंतु ओळखला. १९०५ मध्यें झामित यांस तो निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत सांपडला. १९०६ मध्यें शिपायांस तें दूध देणें बंद होतांच ज्वर ओसरला. जनावर धडधाकट, दूध शुभ्र, आणि तरी बाधा होते, ती अशी.

गर्भिणीस लिस्टेरिया नांवाच्या जंतूचें भय विशेष. आईस थोडी कसकस, थोडा ताप, एवढेंच जाणवतें. परंतु जंतु वारेवाटे गर्भापर्यंत पोहोंचून गर्भपात किंवा मृतजन्मही घडवितो. तो फ्रिजमध्येंही वाढतो. म्हणून गार ठेवलेलें कच्चें दूध निर्धोक नव्हे.

उपाय सोपा आहे. पाश्चरीकरण म्हणजे दूध ६३ अंश सेंटिग्रेडवर अर्धा तास, अथवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवून लगेच थंड करणें. डेअरीच्या पिशवींतील दूध असें झालेलें असतें. गवळ्याच्या कॅनांतील नसतें. तें ढवळीत चांगलें उकळावें, झांकून ठेवावें व लवकर संपवावें. विरजण तापविलेल्या दुधासच लावावें. आंबटपणानें कच्चें दूध शुद्ध होत नाहीं. खरवस आंतपर्यंत वाफवावा, बाजारचें पनीर शिजवूनच वाढावें. गर्भिणीस ताप आला तर काढ्यावर दिवस काढूं नयेत, डॉक्टरांस दाखवावें.

कोणी वडील मंडळी विचारतील, देवास तापविलेलें दूध कसें चालेल? आमचें मत असें कीं, अभिषेकाचें दूध निराळें ठेवावें. तीर्थांत मात्र तापवून निवविलेलेंच घालावें. घरांत येऊं घातलेल्या जीवास जपणें हें पूजेहून निराळें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सूनबाईस बोलावून तसें सांगितलें. पुढल्या पौर्णिमेस दूध तीच तापविणार आहे, आणि पहिलें तीर्थ आम्ही तिच्याच हातावर घालणार आहों.