राजीची बाजू



गेल्या महिन्यात मी मोबाइलची काच बदलायला नवी पेठेत गेले होते. दुकानात गर्दी होती. दुकानदाराचा मुलगा कोपऱ्यातल्या संगणकावर एक खेळ खेळत होता. पडद्यावर एक मुलगी खांबाला गिरकी घेऊन राक्षसांवर तुटून पडत होती. तुमच्याच वयाची दोन मुले ते पाहत होती. एक म्हणाला, "पोरीचा गेम आहे, सोपाच असणार." दुसरा म्हणाला, "पाच-सहा तासांत संपतो. पैसे वाया." मी त्यांना काही सांगणार, तेवढ्यात माझा नंबर आला. जे त्यांना सांगायचे राहिले, ते तुम्हाला सांगते.

त्या खेळाचे नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. हा खेळ जपानमध्ये किंवा अमेरिकेत तयार झालेला नाही. तो आपल्या पुण्यात, 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्याशा कंपनीत तयार झाला. श्रुती घोष या तिच्या संस्थापकांपैकी एक. २०१७ साली या मंडळींनी खेळासाठी लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांमध्ये पहिल्याच खेळात चमकलेल्या कंपन्यांच्या यादीत त्याचे नाव होते. बक्षीस दुसऱ्याला मिळाले.

गोष्ट साधी आहे. राक्षस राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. पण ही राजी आहे तरी कोण? ती राजकन्या नाही. ती सर्कशीत कसरती करून पोट भरणारी मुलगी आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत भारतीय सर्कस उभी केली, तेव्हापासून अशा मुली आपण पाहत आलो आहोत. दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगीही तुम्ही पाहिली असेल. आपण थाळीत नाणे टाकतो आणि पुढे जातो. या खेळात तीच कसरत राजीचे बळ होते. भिंतीवर धावणे, खांबाला गिरकी घेणे, उलटी उडी मारणे, हे सगळे तिच्या धंद्यातले. त्रिशूल आणि धनुष्य तिला नंतर मिळते. शरीराचा तोल ती आधीच शिकलेली असते. मला राजी आवडते ती यामुळे.

मी लहान असताना आमच्या घरी टीव्हीला जोडायचा खेळ आला. भाईजान खेळत आणि मी हट्ट केला की दुसरा रिमोट माझ्या हाती देत. मी तासन्तास बटणे दाबत असे. त्या रिमोटची वायर जोडलेलीच नव्हती, हे मला फार उशिरा कळले! पडद्यावरही तेच होते. मारिओ धावे, उड्या मारी आणि राजकन्या किल्ल्यात वाट पाहत बसे. विज्ञानकथांवरचे खेळही फार वेगळे नव्हते. 'मेट्रॉइड' हा १९८६ सालचा जपानी खेळ घ्या. त्यात परग्रहावर लढणारा वीर चिलखतात झाकलेला असतो. खेळ ठरावीक वेळेत पूर्ण केला, तरच शेवटी कळते की आत सामुस आरान नावाची स्त्री होती. म्हणजे बाई लढते, पण लपून! राजी पहिल्या क्षणापासून उघड्या चेहऱ्याने समोर आहे.

एका पालकांनी मला विचारले, "टीचर, यात तर दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात. आपल्या मुलांनी ते कशाला बघायचे?" त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. मी त्यांना 'तिलिस्म-ए-होशरुबा'ची आठवण करून दिली. अमीर हमजाच्या दास्तानीतला तो भाग लखनौला १८८३ पासून छापला जाऊ लागला आणि छापणारे मुन्शी नवल किशोर हिंदू गृहस्थ होते. परक्याची गोष्ट म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. त्यात महरुख नावाची जादूगरीण अख्खे सैन्य घेऊन अफ्रासियाबशी लढते. राजी मला तिच्याच बिरादरीतली वाटते. शिवाय 'राजी' शब्द आपल्याला कुठे नवा आहे? 'राजी-खुशी' आपण रोज म्हणतो. लढायला राजी झालेली मुलगी, असा मी मनाशी अर्थ लावते.

आता दोष. खेळ लहान आहे, हे खरे. मारामारी काही ठिकाणी तीच ती वाटते. शेवट तर असा, की कोणी पुस्तकाची अखेरची पाने फाडून नेली असावीत. मला त्याचा रागच आला. पण पैसे वाया गेले, हे मात्र मी मानणार नाही. त्या पाच-सहा तासांत डोळ्यांना किती मिळते, ते पाहा. राजस्थानी वळणाचे महाल, पहाडी लघुचित्रांसारखे रंग, आणि मधल्या कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याची आठवण येते. कोठे वर्तुळाकार चक्रे फिरवून चित्र जुळवायचे असते. तेथे घाई करणारा अडकतोच.

आमच्या नववीतली एक मुलगी हा खेळ भावाच्या संगणकावर, तो कामावर गेला की खेळते. "भाई चिडेल," असे म्हणून तिने मला हळूच सांगितले. मी तिला म्हटले, त्याच्यासमोर खेळ. तो चक्रांपाशी अडकला असेल, तर त्यालाही शिकव.

गोलू सापडतो की नाही, ते मात्र मी सांगणार नाही.