बिनअस्तराची प्लंज ब्रा : आकडा विकायचा की माप?

या पानावर हा विषय पाहून काही वाचकांना संकोच वाटेल. तो क्षणभर बाजूला ठेवावा अशी विनंती आहे, कारण आपले कितीतरी बांधव याच धंद्यावर घर चालवतात. कोणी कप कापतो, कोणी झिगझॅग मशीनवर इलॅस्टिक लावतो, कोणी हुक आणि लेस ठोकात विकतो, तर कोणी बाजारपेठेत हौजिअरीचे दुकान मांडून बसला आहे. पोटाच्या धंद्याबद्दल मोकळेपणाने बोलायचे नाही, तर मग बोलायचे कशाबद्दल?

फोमच्या कपाने लहान कारखानदाराचे काय केले, हे सर्वांना ठाऊक आहे. फोमचा तक्ता तापवून साच्यात दाबला की कप तयार. आकार साचा देतो, कारागीर नाही. ज्याच्याजवळ साचा आणि भांडवल, त्याचा माल. आपल्या कारखान्यात तयार कप विकत आणून नुसते जोडायचे काम उरते आणि मजुरी तेवढीच मिळते. बिनअस्तराच्या ब्रामध्ये मात्र फोम नाही, आत दुसरा कपडा नाही. तिथे आकार येतो तो कात्रीतून आणि शिवणीतून. हे आपले काम आहे. शिवाय कोकणच्या पावसाळ्यात फोमची ब्रा दोन-दोन दिवस सुकत नाही. एकेरी कपड्याची रात्रीतून सुकते. मालाला मागणी का आहे, हे समजायला एवढे पुरे.

आता प्लंजबद्दल. प्लंज म्हणजे खोल गळ्याखाली दिसू नये म्हणून समोरून खाली उतरत्या कापाची ब्रा. कॅनडात वंडरब्रासाठी लुईस पॉयरिये यांनी 1964 साली असा नमुना तयार केला आणि 1994 च्या जाहिरातींनी तो जगभर गाजला. तो नमुना पॅडचा, उभार देणारा होता. त्यामुळे प्लंज म्हटले की पॅड आलेच, अशी समजूत बाजारात रुजली. ती चुकीची आहे. प्लंज हा गळ्याचा काप आहे, पॅड ही वेगळी गोष्ट. मात्र पॅड काढले की कापातील प्रत्येक चूक उघडी पडते, हेही तितकेच खरे.

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो. एका कारखान्याकडून वीस डझन बिनअस्तराच्या प्लंज ब्रा करून घेतल्या. कारागीर हुशार, शिलाई साफ. पण त्याने फोमच्या तयार ब्रावरून कागद काढला आणि फोम वगळून तोच कपड्यावर कापला. फोमचा कप रिकामा असला तरी उभा राहतो. कपडा राहत नाही. गळ्याची कड सुटून उभी राहिली, खालच्या भागात चुण्या पडल्या. निम्म्याहून अधिक माल परत आला. दोष कपड्याचा नव्हता, कागदाचा होता.

मग जाणत्या कारागिराजवळ बसून समजून घेतले. प्लंजमध्ये दोन कपांच्या मधला तुकडा आखूड आणि अरुंद असतो, म्हणून समोरून आधार कमी. तो भार खालच्या घेराने आणि बाजूच्या भागाने उचलायचा असतो. म्हणून कप एका तुकड्याचा न करता दोन किंवा तीन तुकड्यांचा करावा आणि बाजूचा तुकडा आत ढकलणारा असावा. खालच्या तुकड्याला ताण न देणारा कपडा हवा. सगळीकडे ताणाची लेस लावली तर महिन्याभरात कप लोंबतो. तार आतल्या बाजूला आखूड असलेली, प्लंजचीच घ्यावी. नेहमीची तार कापून वापरली की तिचे टोक कपड्यातून बाहेर येते आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. गळ्याच्या कडेला बारीक इलॅस्टिक किंचित ओढून लावावे. जास्त ओढले तर अंगावर वळ उठतो.

पण कापणारा कितीही चांगला असला तरी दुकानदाराने आकडाच विकला तर सगळे व्यर्थ. आपल्याकडे "चौतीस द्या, छत्तीस द्या" एवढ्यावर व्यवहार होतो आणि बऱ्याच स्वस्त मालावर कपाचे अक्षरही नसते. एक हिशेब पाहा. एका बाईचा छातीखालचा घेर 34 इंच आणि छातीचा 38. फरक 4 इंच, म्हणजे इंचाला एक अक्षर या हिशेबाने तिला 34 डी बसेल. जुन्या पद्धतीने घेरात चार मिळवून आपण तिला 38 देतो. तो घेर सैल, पाठीवर वर चढतो, सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो आणि खांदे दुखतात. जाड फोमखाली कपाची चूक थोडी झाकली जाते. बिनअस्तराच्या प्लंजमध्ये मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकतच नाही आणि बाई म्हणते, माल खराब.

दुकानदार विचारतील, इतकी मापे ठेवायला भांडवल कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. पण सुरुवात 32, 34, 36 घेर आणि बी, सी, डी कप यांनी करता येते. नऊ खोकी झाली. 34 डी नसेल तर 36 सी चालवून घेतात, कपाचा मावा तोच असतो. मात्र प्लंजमध्ये ही तडजोड नाइलाज म्हणूनच करावी, कारण घेर ढिला झाला की समोरचा आधारही जातो.

राहिला संकोचाचा प्रश्न. पडदा करणाऱ्या भगिनी पुरुष दुकानदाराला माप सांगणार नाहीत, आणि सांगावे अशी अपेक्षाही नको. गल्ल्यावर पुरुष असू द्या, पण आत एक बाई आणि पडद्याआड आरसा हवाच. घरातीलच कोणी दुपारचे तीन-चार तास बसली तरी चालते. बाई ठेवणे परवडत नसेल त्याने निदान एक टेप आणि माप घेण्याची दोन ओळींची चिठ्ठी गिऱ्हाइकाला घरी न्यायला द्यावी. नवी ब्रा शेवटच्या, सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे, हेही त्याच चिठ्ठीत लिहावे. इलॅस्टिक पुढे ढिले होते, तेव्हा आतले हुक कामी येतात.