स्टिअरिंगवर कोणाला बसवले? बाबू गेनू, ब्रूस ली आणि चरित्रनाट्याची खोड

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे गाव. दर वर्षी १२ डिसेंबर जवळ आला की त्यांच्या बलिदानाचा प्रसंग शाळेच्या रंगमंचावर, भाषणांत आणि अलीकडे दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितींत पुन्हा उभा राहतो.

प्रसंग ठरलेला असतो. विदेशी कापडाने भरलेली लॉरी येते. तरुण तिच्यापुढे उभा ठाकतो. हिंदी चालक गहिवरून सांगतो की भावाच्या अंगावर गाडी घालणार नाही. गोरा सार्जंट त्याला खाली ओढतो, स्वतः स्टिअरिंगवर बसतो आणि लॉरी पुढे दामटतो. पडदा पडतो, डोळे ओले होतात. हा धागा या नाट्याविरुद्ध आहे. बाबू गेनूंविरुद्ध नाही, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. पण दिवस असे आहेत की सांगितलेले बरे.

नाट्यीकरण एखाद्या खऱ्या आयुष्याचे काय करते, याचे ठळक उदाहरण पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. मराठी गावांतल्या व्हिडिओ पार्लरनीही ज्याला घराघरांत पोहोचवले, त्या ब्रूस लीपर्यंत.

१९९३ साली ‘ड्रॅगन : द ब्रूस ली स्टोरी’ हा हॉलिवूडचा चरित्रपट आला. त्याच्या विधवा पत्नीच्या पुस्तकाचा आधार, म्हणजे घरचाच आशीर्वाद. या चित्रपटात लढत संपल्यानंतर हरलेला प्रतिस्पर्धी मागून लाथ घालतो आणि नायकाची पाठ मोडते. प्रत्यक्षात ब्रूस लीची पाठ जायबंदी झाली ती १९७० मध्ये, खांद्यावर वजनाची दांडी घेऊन कमरेत वाकण्याचा व्यायाम करताना. तेथे ना शत्रू होता, ना दगा. स्वतःच्या शरीराकडून अधिकाधिक मागणारा एक माणूस होता, आणि त्या दिवशी शरीराने नकार दिला.

या दोहोंपैकी खरे नाट्य कोणते? आयुष्यभर देहाची कमाई केलेल्या माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहावे लागणे आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता न येणे, यापेक्षा मोठे नाट्य कोणता पटकथाकार लिहील? पण कॅमेऱ्याला दांडी दाखवून भागत नाही. त्याला खलनायकाचा चेहरा लागतो. तेवढ्यानेही समाधान झाले नाही, म्हणून त्याच चित्रपटात काळे चिलखत घातलेला एक राक्षस नायकाच्या पाठीशी लावून दिला आहे.

१९६४ च्या सुमारास ऑकलंडमध्ये वाँग जॅक मॅनशी झालेल्या लढतीची कथाही अशीच. बंद दाराआड, मोजक्या साक्षीदारांसमोर झालेली ती लढत एका बाजूच्या मते सुमारे तीन मिनिटांत संपली, तर दुसऱ्या बाजूच्या मते वीस मिनिटांहून अधिक चालली. इतिहासाने येथे दोन्ही साक्षी शेजारी-शेजारी ठेवायच्या असतात. ‘बर्थ ऑफ द ड्रॅगन’ या २०१६ च्या चित्रपटाने काय केले? दोन चिनी योद्ध्यांच्या त्या लढतीच्या मध्यभागी एक काल्पनिक गोरा शिष्य आणून बसवला. ब्रूस ली स्वतःच्याच कथेत पाहुणा झाला.

आणि मृत्यू? २० जुलै १९७३, हाँगकाँग, वय ३२. मेंदूला सूज. चौकशीअंती निर्णय आला तो दुर्दैवी अपघाती मृत्यूचा. या निर्णयात शिक्षा देण्याजोगे कोणी नाही. म्हणूनच गुंडटोळ्या, विषप्रयोग, शाप अशा वावड्या पन्नास वर्षे थांबलेल्या नाहीत. निर्मात्यांनी सुरुवातीला तो घरीच गेल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात तो अभिनेत्री बेटी टिंग पेई हिच्या घरी होता. एका लपवाछपवीने शंभर वावड्यांना खतपाणी घातले.

आता पुन्हा घोड नदीच्या खोऱ्यात यावे.

बाबू गेनूंचा जन्म १९०८ चा. गरीब शेतकऱ्याचे घर, पोटासाठी मुंबई, गिरणीतली मजुरी. जुन्नर-आंबेगावच्या असंख्य घरांनी चोखाळलेली ही वाट. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी परिसरात विदेशी कापडाच्या लॉरीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे बावीस. एवढे निर्विवाद आहे. पुढच्या तपशिलात मात्र कथने फुटतात. कोठे ते उभे राहिले, कोठे आडवे झाले. कोठे लॉरी चालकानेच पुढे नेली, कोठे चालकाने नकार दिल्यावर सार्जंटने. चालकाच्या तोंडी घातलेले बंधुत्वाचे भाषण तर दर कथेत नव्या शब्दांत येते. भर रस्त्यात, पोलीस आणि गर्दीच्या गदारोळात ते शब्दशः टिपून कोणी घेतले असेल, असा प्रश्न टाळ्या पिटणाऱ्यांना पडत नाही.

सार्जंट स्टिअरिंगवर बसलाच नसेल, असा दावा येथे नाही. आक्षेप वेगळा आहे. अनेक कथनांतून एकच निवडून, त्याला संवाद चिकटवून, तोच इतिहास म्हणून मुलांना पाठ करायला लावला जातो. आणि नेमके तेच कथन निवडले जाते, जे आपल्याला सर्वांत सोयीचे आहे.

सोयीचे कसे? त्या कथनात एकही हिंदी माणूस दोषी उरत नाही. चालक भाऊ ठरतो, गर्दी साक्षीदार ठरते, सारे पाप एका गोऱ्या हातात एकवटते. पण १९३० चे साम्राज्य मूठभर गोऱ्या हातांवर चालत नव्हते. हिंदी शिपाई, हिंदी कारकून, हिंदी दलाल आणि विदेशी ताग्यांवर नफा कमावणारे हिंदी व्यापारी यांच्या खांद्यांवर ते उभे होते. कायदेभंगाच्या त्या वर्षी कापडबाजारात दुकानादुकानांपुढे निरोधन चालले होते. तेथे उभ्या राहणाऱ्यांची विनवणी लंडनच्या मंत्र्याला नव्हती; ती गादीवर बसलेल्या शेटजींना, गिऱ्हाइकाला, हमालाला आणि चालकाला होती. लॉरीपुढचा देह हीदेखील तीच विनवणी. चालकाला आधीच पुण्यवान करून टाकले, तर ती केली कोणाला?

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, म्हणून नाटकात कधीच येत नाही. बाबू गेनू गिरणीकामगार होते. दोनच वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. एका विणकराने अधिक माग सांभाळावेत, कमी माणसांत तेवढेच कापड निघावे, असा मालकांचा आग्रह होता आणि कामगार त्याविरुद्ध उभे होते. विदेशी कापड बाजारातून हटले, तर त्या जागी जाणारे कापड बहुतांशी अशाच मालकांचे. म्हणजे ज्याच्या मजुरीवर मालकांचा डोळा होता, त्या वर्गातला एक तरुण त्यांच्याच मालाची वाट मोकळी करणाऱ्या बहिष्कारासाठी प्राण देतो. यात मूर्खपणा शोधणारे मूर्ख आहेत. आपल्या मालकाशी असलेले भांडण न विसरताही माणूस देशाशी असलेले नाते ओळखू शकतो. ही गुंतागुंत बावीस वर्षांच्या मजुराला पेलली असेल, तर नवव्या इयत्तेतल्या मुलांना ती समजणार नाही असे मानणे हा मुलांचा अपमान आहे. कांद्याचा भाव कोण पाडतो आणि त्यात कोणाचे फावते, हे या तालुक्यातली मुले घरीच शिकतात.

यावर ठरलेले उत्तर येते : लोकस्मृतीला पुरावे मागू नयेत, पोवाडा म्हणजे दप्तर नव्हे. मान्य. आजी नातवाला सांगते त्या गोष्टीची उलटतपासणी कोणी करू नये. परंतु ‘सत्य इतिहास’ असे शीर्षक देऊन, पार्श्वसंगीत लावून, लाखो लोकांपुढे ठेवलेली चित्रफीत ही आजीची गोष्ट नाही. ती ‘ड्रॅगन’चीच गरीब भावंड आहे. फरक एवढाच, की हॉलिवूडने निदान तिकीट तरी चित्रपटाचे विकले होते.

नाव देण्यात मात्र आपण कधी कंजुषी केली नाही. पुण्यात त्यांच्या नावाचे गणेश मंडळ आहे. डिंभे धरणाचा जलाशय ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणून ओळखला जातो. त्या पाण्याखाली जुने आंबेगाव आणि आदिवासी कुटुंबांची शेते गेली. मुंबईत माझगावला बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांतली माणसे ढिगाऱ्याखाली गेली. ६१ मृत्यू. तेथे कोणताही गोरा सार्जंट नव्हता.

येत्या १२ डिसेंबरला एखाद्या शाळेला प्रयोग बदलून पाहता येईल. लॉरीच्या काचेमागे अंधार ठेवावा. प्रकाश हौद्यातल्या ताग्यांवर पडू द्यावा, आणि एखाद्या मुलाने रंगमंचावरच विचारावे : हे कापड मागवले कोणी होते, ते कोणाच्या दुकानात विकले जात होते, आणि लॉरीपुढे उभा असलेला हा माणूस पहाटे कोणाच्या गिरणीत कामाला जात होता?