आधी कामाचे क्षेत्र, मग प्रोग्रामिंगची भाषा

करिअरसाठी प्रोग्रामिंगची भाषा निवडताना सर्वांत आधी पाहिली जाते ती लोकप्रियतेची यादी. अशा याद्यांमध्ये टायोबी निर्देशांक हा जुना आणि वारंवार दाखला दिला जाणारा. नेदरलँड्समधील एक कंपनी २००१ पासून तो प्रसिद्ध करते. त्याची रीत साधी आहे: निरनिराळ्या शोधयंत्रांवर भाषेच्या नावापुढे ‘प्रोग्रामिंग’ जोडून शोध घ्यायचा आणि किती पाने सापडतात ते मोजायचे. सर्वोत्तम भाषा कोणती किंवा सर्वाधिक कोड कोणत्या भाषेत लिहिला गेला आहे, हे या निर्देशांकावरून ठरवू नये, असा खुलासा ती कंपनी स्वतःच करते. तो वाचण्याआधी बहुतेक विद्यार्थी क्लासची फी भरून मोकळे झालेले असतात.

यादीवरून एखाद्या भाषेविषयी किती लिहिले-बोलले जाते एवढेच समजते. त्या भाषेत नोकऱ्या किती, हे समजत नाही. आणि त्या नोकऱ्यांसाठी रांगेत किती जण उभे आहेत, हे तर मुळीच नाही. पायथॉनला मागणी आहे हे खरे, पण पायथॉन शिकवणारे क्लासही गल्लोगल्ली आहेत. उलट टोकाला कोबोल आहे. १९५९ मध्ये आखली गेलेली ही भाषा शिकण्याचा सल्ला आज कोणी देत नाही. तरीही एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. म्हणून आता सर्वांनी कोबोलच्या मागे लागावे असे नाही. कोबोलच्या जुन्या जाणकाराला जो भाव मिळतो, तो भाषेच्या व्याकरणासाठी नसतो. एखाद्या बँकेचे किंवा सरकारी खात्याचे अनेक दशकांचे नियम त्या कोडमध्ये कुठे आणि कसे दडले आहेत, हे त्याला ठाऊक असते. दाम त्या माहितीचे असते. नेमकी हीच गोष्ट कोणत्याही यादीत मोजता येत नाही.

यादीचा आणखी एक दोष काळाचा आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आजची यादी पाहतो आणि नोकरी शोधतो चार वर्षांनी. फ्लॅशचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २००० नंतरच्या दशकात जाहिराती, खेळ, शैक्षणिक सीड्या आणि निम्मीअधिक देखणी संकेतस्थळे फ्लॅशवर चालत. मल्टिमीडियाच्या क्लासांत फ्लॅशची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट हा हमखास विषय असे. आयफोनने फ्लॅशला दार उघडलेच नाही, एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्यामागची कारणे मांडली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार कायमचा काढून घेतला. ॲक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा एकाच मानकाच्या घराण्यातल्या, व्याकरणाने सख्ख्या बहिणी. त्यामुळे फ्लॅश गेल्यावर व्याकरण वाया गेले नाही. वाया गेले ते फ्लॅशच्या स्टेज आणि टाइमलाइनभोवती कमावलेले कसब. भाषा निवडणारा माणूस भाषेबरोबर ती ज्या व्यासपीठावर चालते तेही निवडत असतो, आणि व्यासपीठाचे भवितव्य त्या व्यासपीठाच्या मालकाच्या हाती असते. अँड्रॉइडवर याच्या उलट घडले. २०१७ मध्ये गूगलने कॉटलिनला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा अँड्रॉइडची घडण नीट समजलेल्या जावा प्रोग्रामरांना नवी भाषा फारशी जड गेली नाही. व्यासपीठ तेच राहिले होते.

दुसरे प्रचलित मत पायाचे. आधी सी शिकावी, पुढचे सगळे आपोआप येते, असे वर्गात सांगितले जाते. सीमुळे मेमरी, पॉइंटर, स्टॅक या गोष्टी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात, हे निर्विवाद आहे. पायथॉनचा सर्वांत प्रचलित इंटरप्रिटरही सीमध्येच लिहिलेला आहे. पण वर्गात सी या नावाखाली जे शिकवले जाते ते पुष्कळदा सी नसतेच. काही महाविद्यालयांत अजूनही बोरलँडच्या टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर प्रॅक्टिकल होतात. हा कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, म्हणजे सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले त्याच्याही आधीचा. तो सोळा बिटांच्या डॉससाठी बनवलेला असल्याने आजच्या संगणकावर त्याला डॉसबॉक्सची कुबडी लागते. त्यात पूर्णांकाला दोनच बाइट मिळतात, त्यामुळे ३२,७६७ च्या पुढे मोजणी एकदम उणे आकड्यांत उडी मारते. प्रोग्रामच्या डोक्यावरची ‘कोनिओ डॉट एच’ ही फाइल, पडदा पुसायला आणि कळ दाबेपर्यंत थांबायला वापरलेली फंक्शने, मेनच्या आधीचे ‘व्हॉइड’ यांतले काहीही मानक सीमध्ये बसत नाही. जर्नलमध्ये हे सगळे सुवाच्य अक्षरात उतरवून, बाहेरच्या परीक्षकाची सही घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी नोकरीवर जीसीसी उघडतो तेव्हा त्याचा पहिलाच प्रोग्राम कंपाइल होत नाही. याला पाया म्हणणे धाडसाचे आहे.

सी नीट शिकवली तरीही ती पहिलीच असली पाहिजे हे सिद्ध होत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संगणकशास्त्राचा प्रवेशाचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे स्कीम या लिस्प घराण्यातील भाषेत चालला आणि नंतर पायथॉनकडे वळला. त्यातून तयार झालेल्यांचा पाया कच्चा राहिला असा आरोप अजून कोणी केलेला नाही. सी अटळ आहे ती ज्याला तिच्यावाचून काम करता येत नाही त्याला. पुण्यातील केपीआयटीसारख्या कंपन्या वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे सॉफ्टवेअर लिहितात. त्या जगात सीचे पूर्ण स्वातंत्र्यही कोणी देत नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमधील वाहनउद्योगातून निघालेली मिस्रा सी ही नियमावली भाषेतल्या धोकादायक वाटा बंद करते. तिथे जाणाऱ्याने पॉइंटरवर वर्ष घालवले तर ते सत्कारणी लागते. विमा कंपनीच्या दाव्यांचे विश्लेषण करू पाहणाऱ्याने तेच वर्ष संख्याशास्त्रावर घालवावे.

तिसरे मत या दोन्हींच्या वरचढ आहे आणि त्याचे खंडनही तितके सोपे नाही. भाषेला महत्त्व नाही, लॉजिक पक्के हवे, असे ते मत. त्याच्या बाजूने इतिहास आहे. नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची युक्ती जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये १९६० च्या आधीच आली होती. व्यवसायात ती सर्वदूर पोहोचली १९९५ च्या जावामुळे. लॅम्डा फंक्शनही लिस्पमधलेच, ते जावात आले २०१४ मध्ये. १९७० च्या दशकातल्या एमएल भाषेतील पॅटर्न मॅचिंग पायथॉनला २०२१ मध्ये मिळाले. कल्पना अशा एका भाषेतून दुसरीत जात राहतात, म्हणून एक भाषा खोलवर जाणणाऱ्याला दुसरीचे व्याकरण काही आठवड्यांत उमगते.

येथवर सारे मान्य. पण व्याकरण हा भाषेचा सर्वांत स्वस्त भाग आहे. तिची ग्रंथालये, साधने, चूक शोधण्याच्या वाटा, त्या भाषेचे लोक कोड कसा मांडतात याची जाण या गोष्टींना वर्षे लागतात. जावाच्या जागेसाठी मुलाखत घेणारा स्प्रिंग बूटविषयी विचारतो, आणि ‘लॉजिक पक्के आहे’ या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. शिवाय हे मत सांगणारे बहुधा एकाच भाषेत पंधरा वर्षे मुरलेले असतात. त्यांना भाषा क्षुल्लक वाटते, कारण ती त्यांच्या अंगवळणी पडलेली असते.

हिंजवडीतील मोठ्या सेवा कंपन्यांचा अनुभव या मताच्या बाजूने मांडला जातो. तिथे फ्रेशरची निवड गणित, तर्क आणि जुजबी कोडिंगवर होते. मग प्रशिक्षण, आणि जावा, टेस्टिंग, मेनफ्रेम की सॅप हे कंपनीच ठरवते. म्हणजे पहिल्या नोकरीत निवड फारशी नसतेच. मात्र दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना बायोडाटावर जे चिकटले आहे त्याचेच बोलावणे येते. खरी निवड तेव्हा करावी लागते, आणि तिची तयारी आधीपासून नसेल तर बेंचवर बसून ती होत नाही.

क्षेत्र ठरले की भाषेचा प्रश्न बराचसा सुटतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कामाला जावास्क्रिप्ट किंवा तिच्यावर बेतलेली टाइपस्क्रिप्ट. बँका-विमा कंपन्यांच्या मोठ्या प्रणालींना जावा किंवा सी शार्प. विदाविश्लेषण आणि मशीन लर्निंगला पायथॉन. फोनसाठी कॉटलिन किंवा स्विफ्ट. यंत्राच्या जवळच्या कामाला सी, सी प्लस प्लस आणि अलीकडे रस्ट.

या सर्व क्षेत्रांत कुठे ना कुठे लागते, तरी निवडीच्या चर्चेत जिचे नाव क्वचितच निघते, ती भाषा एसक्यूएल. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये विदेच्या संबंधाधारित मांडणीचा सिद्धान्त दिला आणि डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये त्यावर ही भाषा रचली. तिच्यानंतर कित्येक भाषा गाजल्या आणि विसरल्या गेल्या. ती मात्र जागची हललेली नाही. महाविद्यालयात ती डीबीएमएसच्या पेपरातील मोजक्या प्रॅक्टिकलपुरती उरते. मुलाखतीत जॉइन विचारले की मग अनेकांची दांडी उडते.

आता यंत्रच कोड लिहिते, तेव्हा भाषा शिकायचीच कशाला, हा २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतरचा नवा पूर्वपक्ष. यंत्राने लिहिलेला कोड बरोबर आहे याची हमी देणारा माणूस लागतो, आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याला हमी देता येत नाही. लिहिण्याचे श्रम घटले, वाचण्याची जबाबदारी वाढली.

खरा बिनतोड आक्षेप वेगळाच आहे: अठराव्या वर्षी क्षेत्र कसे ठरवायचे? ते ठरत नाही, आणि ठरवण्याची घाईही नको. अशा विद्यार्थ्याने पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक आणि जोडीला एसक्यूएल घेऊन दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे एखादे काम पुरे करावे. गावातल्या पतसंस्थेची ठेव-नोंद चालेल, शाळेचे वेळापत्रकही चालेल. कामाचा कोणता भाग रात्री जागून करावासा वाटला आणि कोणता कंटाळवाणा वाटला, हे त्यात कळते. तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपपर्यंत एवढे कळले तरी पुरे. मग ज्या शहरात आणि ज्या पदावर जायचे आहे तिथल्या जाहिराती वाचाव्यात, त्यांतली हौसेने वाढवलेली मागण्यांची यादी सोडून प्रत्येक जाहिरातीत पुन्हा पुन्हा येणारी एक-दोन नावे वेचावीत आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत न आणता त्याच भाषेत स्वतः लिहावा.