कातडी लाल झाली नाही, म्हणून काय?

विज्ञान प्रदर्शनासाठी सोपा पण नवा प्रयोग शोधताना एखाद्याला 'अल्कोहोल पट्टी'ची कसोटी सुचेल. ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेली छोटी पट्टी दंडाच्या आतल्या बाजूला ७ मिनिटे चिकटवायची, काढायची आणि १० मिनिटांनी कातडी पाहायची. जपानमध्ये १९८०च्या दशकात पुढे आलेली ही कसोटी एक आनुवंशिक फरक दाखवते.

शरीरात अल्कोहोलपासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ बनतो. मग दुसरे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. जपान, चीन, कोरिया येथील दहापैकी तीन ते पाच जणांत या विकराचे जनुक बदललेले असते. अशा माणसांत ॲसिटाल्डिहाइड साचते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कातडी लाल होते.

आईवडिलांपैकी एकाकडूनच बदललेले जनुक आले, तरी विकर फार दुबळे होते. असे का? हे विकर चार भागांचे बनते आणि एक सदोष भागही त्याचे काम बिघडवतो. चार नाणी एकदम उडवा. चारही छापे पडण्याची शक्यता १६ मध्ये १. चारही भाग चांगले जुळण्याची शक्यताही तेवढीच!

तरीही माझे स्पष्ट मत आहे, की ही कसोटी शाळेत करू नये. भारतातील बहुतेक समाजांत हा बदल अतिशय विरळ आहे. सातारा-सांगलीच्या वर्गात जवळजवळ सर्वांची कातडी जशीच्या तशी राहील. जो काटा कोणासाठीच हलत नाही, तो काय मोजणार? उलट एखाद्याची नाजूक कातडी भलत्याच कारणाने लाल होईल.

खरा धोका पुढे आहे. 'माझी कातडी लाल झाली नाही, म्हणजे मला दारू सोसते,' असे कोणी म्हणेल. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. दारू घेतल्यावर ज्यांचा चेहरा लाल होतो, त्यांना त्रास होतो, म्हणून त्यांतले बरेच जण कमी पितात. ती लाली ही धोक्याची घंटा आहे. तिला न जुमानता पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात ही घंटाच नाही. घंटा नाही म्हणून आग लागत नाही काय? मद्य हे कर्करोगाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे.

आपल्या ऊसपट्ट्यात मळीपासून अल्कोहोल कसे बनते, हे लहान मूलही सांगेल. दारूने मोडलेली घरेही आपण पाहिली आहेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते उगीच नव्हे.

शिक्षकांना विनंती : पट्टीऐवजी नाणी घ्या. चार नाणी शंभर वेळा उडवून नोंदी ठेवायला सांगा. मग विचारा, 'पट्टीची कसोटी काय सांगते, आणि काय सांगत नाही?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, तो विज्ञान शिकला.