जंतांची गोळी आणि आपली माती

मुलाला शाळेंत जंतांची गोळी मिळाली कीं काळजी मिटली, असें आपल्यांपैकीं पुष्कळ बंधु समजतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठीं हा राष्ट्रीय उपक्रम १० फेब्रुवारी २०१५ रोजीं सुरू झाला, तो स्तुत्यच होय. केनियांतील बुसिया येथें १९९८ पासून ७५ शाळांत असाच प्रयोग होऊन मुलांची गैरहजेरी सुमारें चतुर्थांशानें घटल्याचें संशोधकांनीं २००४ सालीं नमूद केलें. त्या हिशेबावर पुढें वादही झाला.

परंतु गोळी पोटांतले जंत मारते, मातींतले नव्हे. उघड्यावरील विष्ठेंतून अंकुशकृमीचीं अंडीं ओलसर जमिनींत पडतात. त्यांच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडींतून शरीरांत शिरतात व पुढें आंतड्यांत राहून रक्त शोषितात. गोळी ही वरवरची खुरपणी. हरळीची मुळी आपल्याच रानांत शाबूत!

महसुली नोकरींत आम्हीं हातभर बांधासाठीं भांडणारे खातेदार शेंकड्यांनीं पाहिले. शेतावर मजुरांसाठीं शौचकूप बांधणारा क्वचितच. मजुराचें मूल आणि आपलें मूल एकाच मातींत खेळतें. तरी मुलांची गोळी चुकवूं नये, पायांत वहाणा द्याव्या आणि यंदा शेतावर शौचकूप अवश्य बांधावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.